शिशाचा गंज आणि बॅटरीचे आयुष्य

लोखंड गंजले की ते वाया गेले, असे आपण समजतो. पण तुमच्या घरातील इन्व्हर्टरची बॅटरी मुळात शिशाच्या गंजावरच चालते, असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल काय?

१८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी शिशाचे दोन पत्रे, एकमेकांना टेकणार नाहीत अशा बेताने, गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवून त्यांतून विद्युत्प्रवाह सोडला. धन बाजूच्या शिशाचे ऑक्सिडीभवन होऊन त्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर चढला. मग ते पत्रे तारेने जोडताच प्रवाह उलट दिशेने वाहू लागला! असा प्रवाह आपण घेतो तेव्हा दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट तयार होते. ते आम्लात जवळजवळ विरघळत नाही, जागीच चिकटून राहते. म्हणून बॅटरी पुन्हा भारित करताना ते पूर्वरूपात येऊ शकते. शिशाचे सारे मर्म या न विरघळण्यात आहे.

पहिला थर मात्र अगदीच पातळ असे. तो वाढावा म्हणून प्लांते यांना प्रवाहाची दिशा आलटून-पालटून महिनोन्‌महिने पत्रे ‘गंजवावे’ लागत. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडाचा लगदाच पत्र्यावर थापला आणि हा खटाटोप वाचवला. पुढे पत्र्याऐवजी शिशाची जाळी आली.

आणि तिथेच मेख आहे. धन जाळीने फक्त लगदा धरायचा आणि प्रवाह वाहून न्यायचा. पण तीही शिशाचीच! बॅटरी भारित होत असताना तिचेही थोडे थोडे ऑक्सिडीभवन होत राहते. डायऑक्साइडला मूळ शिशाच्या सुमारे १.४ पट जागा लागते. त्यामुळे जाळी ताणली जाते, तिच्या काड्या तुटतात, लगदा सुटून तळाशी साचतो. उष्णतेने हा गंज झपाट्याने वाढतो. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. बॅटरी उन्हात ठेवू नका म्हणतात ते उगीच नव्हे.

मोटार सुरू करताना क्षणभर फार मोठा प्रवाह लागतो. त्यासाठी पृष्ठभाग जास्त हवा, म्हणून पट्ट्या पातळ आणि पुष्कळ. त्या काही वर्षांतच संपतात. उलट, वीजकेंद्रांतील जाड, शुद्ध शिशाच्या प्लांते पद्धतीच्या पट्ट्या वीस-वीस वर्षे टिकतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘ट्युब्युलर’ असे लिहिलेले असेल, तर तिच्या धन पट्टीत जाळीऐवजी शिशाच्या जाड सळ्या असतात आणि प्रत्येक सळीभोवतीचा लगदा सुटू नये म्हणून सच्छिद्र नळीत भरलेला असतो.