पैसे देऊन टाकलेला रुमाल

विमानातल्या सीटवरून झालेलं आणि मराठी माणसाच्या कायमचं लक्षात राहिलेलं भांडण २३ मार्च २०१७चं. धाराशिवचे, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचे, तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड एअर इंडियाच्या विमानानं पुण्याहून दिल्लीला गेले. तिकीट बिझनेस क्लासचं, विमान मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत इकॉनॉमी. या विमानात बिझनेस क्लास नाही हे आधीच कळवलं होतं, असं कंपनीचं म्हणणं. दिल्लीला पोचल्यावर खासदार विमानातून उतरेनात, वादावादी झाली आणि कंपनीच्या एका अधिकाऱ्याला त्यांनी चपलेनं मारलं. पंचवीस वेळा मारलं, हा आकडाही त्यांनीच कॅमेऱ्यासमोर सांगितला. मोठ्या विमान कंपन्यांनी त्यांना तिकीट देणं बंद केलं, प्रकरण लोकसभेत गाजलं, दोन आठवड्यांनी बंदी उठली. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं दांडगाई करणाऱ्या प्रवाशांसाठी ‘नो फ्लाय’ यादीचे नियम काढले.

या सगळ्या गदारोळात मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. बिझनेसचे पैसे घेऊन इकॉनॉमीत बसवलं, तर वरच्या पैशांचं काय? खरं तर विचारूनही फार उपयोग नव्हता, कारण तेव्हा आपल्याकडे तसा नियमच नव्हता. प्रवाशानं कसं वागावं हे सरकारनं सहा महिन्यांत ठरवलं. कंपनीनं कसं वागावं हे ठरायला मात्र २०२३ साल उजाडलं.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपल्या लोकांना विमानातली सीट पैसे मोजून धरावी लागते, याचं आता नवल राहिलेलं नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये इंडिगोनं वेब चेक-इनला सगळ्याच सीटना दर लावले, तेव्हा समाजमाध्यमांवर बोंब झाली आणि नागरी हवाई वाहतूक मंत्रालयानंही ‘तपासून पाहू’ म्हटलं. पुढे आपण मुकाट्यानं पैसे भरायला लागलो. खिडकीचे वेगळे, पाय पसरायला जागा असलेल्या ओळीचे त्याहून जास्त. तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याची. पैसे देऊन टाकलेला हा रुमालही उचलला जातो आणि काउंटरवरचा माणूस बोर्डिंग पासवरचा ७सी खोडून बॉलपेननं २४ई लिहून देतो.

का उचलला जातो? बहुतेक वेळा विमान बदललेलं असतं. ठरलेल्या विमानात बिघाड निघाला आणि दुसरं आणलं, तर त्यातल्या ओळी वेगळ्या, कधी सीटही कमी. मग संगणक सगळ्यांना नव्यानं बसवतो. कधी एखाद्या सीटचा पट्टा किंवा पाठ मोडलेली असते, म्हणून ती बंद ठेवतात. एटीआरसारख्या छोट्या विमानात वजनाचा तोल साधायला पुढच्यांना मागे बसवावं लागतं. आणीबाणीच्या दाराजवळच्या सीटवर लहान मुलं, गरोदर बायका किंवा चालताना आधार लागणारी माणसं बसू शकत नाहीत. तिथली सीट घेतलेल्या आजोबांना उठवलं, तर तो सुरक्षेचा भाग झाला, तिथे वाद घालू नये. आई-बाप आणि मूल वेगळे बसले असतील, तरीही कुणाला तरी हलावं लागतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (त्याला सगळे डीजीसीएच म्हणतात) एप्रिल २०२४मध्ये कंपन्यांना बजावलं आहे की, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी बसवा आणि त्याची नोंद ठेवा. मुलांसाठी वेगळे सीटचे पैसे भरणाऱ्या कित्येक पालकांना हे ठाऊकच नसतं.

भरपाई मागायला निघालेला माणूस फसतो तो एकाच ठिकाणी. वर्ग खाली आला, पैसे भरलेली सीट गेली, की नुसती आवडीची सीट गेली, हे त्याच्या डोक्यात वेगळं झालेलं नसतं. तिन्ही ठिकाणी तो ‘मला भरपाई हवी’ एवढंच म्हणतो आणि समोरचा माणूस तिन्ही ठिकाणी ‘सॉरी सर’ एवढंच म्हणतो.

वर्ग खाली आला तर कायदा तुमच्या बाजूनं भक्कम आहे. डीजीसीएचा नियम १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. तुमच्या इच्छेविरुद्ध वरच्या वर्गातून खालच्या वर्गात बसवलं, तर देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतर बघतात. १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, १५०० ते ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. दिल्ली–काठमांडू पहिल्या गटात येतं, मुंबई–दुबई दुसऱ्या आणि मुंबई–लंडन तिसऱ्या. चोवीस हजारांचं मुंबई–दिल्ली बिझनेस तिकीट असेल, तर अठरा हजार परत, आणि प्रवास झाला तो वेगळाच. डिसेंबर २०२२च्या मसुद्यात तर पूर्ण तिकिटाचे पैसे परत आणि प्रवास फुकट, असा प्रस्ताव होता. शेवटी ७५ टक्क्यांवर तडजोड झाली. तरीही हा नियम युरोपापेक्षा उदार आहे, हे मान्य करायला हवं.

युरोपीय संघाच्या २००५पासून लागू असलेल्या नियमातही टक्केवारी हीच आहे, ३०, ५० आणि ७५, आणि पैसे सात दिवसांत द्यायचे आहेत. पण टक्के कशाचे? एमिरेट्सच्या एका प्रवाशाला ड्युसेलडॉर्फहून दुबईमार्गे टोकियोला जाताना पहिल्याच टप्प्यात फर्स्टऐवजी बिझनेसमध्ये बसवलं. वाद युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६मध्ये निकाल लागला तो असा की, पूर्ण तिकिटाचे नव्हे, तर ज्या टप्प्यात वर्ग घसरला तेवढ्या अंतराच्या भाड्याचे टक्के धरायचे, आणि वर्गावर अवलंबून नसलेले कर वगळायचे. आपल्याकडे ‘करांसह’ हा एकच शब्द नियमात बसला, त्याची किंमत हजारांत आहे. काउंटरवर कुणी मूळ भाड्यावर हिशेब मांडू लागला, तर तिथेच थांबवा.

फ्रँकफर्टहून मुंबईला परतताना तुम्ही कोणत्याही कंपनीनं आलात, तरी युरोपचा नियम लागू होतो. मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना मात्र तो युरोपीय कंपनीलाच लागू होतो. अमेरिकेत २०२४च्या नियमांनुसार खालचा वर्ग नाकारून प्रवास रद्द केला तर पूर्ण परतावा मिळतो, आणि स्वीकारला तर दोन भाड्यांमधला फरक.

आता पैसे भरलेल्या सीटकडे येऊ. वर्ग तोच राहिला आणि पाचशे-हजार रुपये देऊन घेतलेली खिडकी जाऊन मधली सीट आली, तर डीजीसीएच्या टक्केवारीचा काही संबंध नाही. मागायचं ते सीटचं शुल्क, आणि त्याला भरपाई म्हणायचं नाही, परतावा म्हणायचं. जी सेवा दिली नाही तिचे पैसे ठेवून घेण्याला कंपनीकडे समर्थन नसतं, म्हणून हे पैसे बहुधा मिळतात, पण मागितल्यावर. यातली एक पळवाट लक्षात ठेवा. खिडकीच्या बदल्यात दुसरी खिडकी दिली, तर ‘समान सीट दिली’ असं उत्तर येतं. चौथ्या ओळीतली खिडकी नि सव्विसाव्या ओळीतली खिडकी यांचे दर कंपनीच्याच संकेतस्थळावर वेगळे असतात. त्याचा स्क्रीनशॉट जोडला की समानतेचा मुद्दा गळून पडतो.

आणि पैसे न भरता, नुसत्या नशिबानं मिळालेली सीट गेली तर? तर हक्क काहीही नाही. तिकिटाच्या अटींत ‘विशिष्ट सीटची हमी नाही’ हे वाक्य जवळपास प्रत्येक कंपनी लिहून ठेवते. इथे फक्त बोलणी असतात, आणि बोलण्यांत मोठा आवाज नव्हे, नेमकी मागणी चालते. गेटवरच्या मुलीला रोख रक्कम द्यायचा अधिकार नसतो. तिच्या हातात पुढची रिकामी सीट, पुढचं विमान किंवा फार तर खाण्याचं कुपन असतं. मग मागायचं तेच. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या, सोळा तास बसून जायच्या आई-वडिलांसाठी मधल्या वाटेकडेची सीट हवी असेल, तर ‘मधुमेह आहे, वारंवार उठावं लागतं’ हे कारण आधी सांगा, आपला संताप नंतर.

काउंटरवरचं बोलणं साधारण असं चालतं.

“सर, एअरक्राफ्ट चेंज झालंय. सिस्टिमनं सीट बदलली.”

“चालेल, पण मी सातवी रांग पैसे देऊन घेतली होती. पुढे एखादी आइलची मिळेल?”

“फुल आहे सर.”

“मग सीटचे पैसे परत हवेत. सीट कंपनीनं बदलली असं पासवर लिहून, शिक्का मारून देता का, मॅडम? म्हणजे तुम्हाला पुन्हा त्रास नको.”

या शेवटच्या वाक्यात सगळा जीव आहे. सीट ‘कंपनीनं’ बदलली की ‘प्रवाशाच्या संमतीनं’, यावरच पुढचं प्रकरण उभं राहतं किंवा कोसळतं. पुढे केलेल्या टॅबवर घाईत खूण करू नका. त्यात ‘मी स्वेच्छेनं’ असं काही असेल, तर डीजीसीएचे ७५ टक्के तिथेच संपले. शिक्का मिळाला नाही, तर जुन्या आणि नव्या अशा दोन्ही बोर्डिंग पासांचा फोटो काढा आणि विमान सुटायच्या आत कंपनीला दोन ओळींचा ईमेल टाका. त्या ईमेलवरची वेळ हाच पुरावा.

घासाघीस करायची खरी जागा वेगळीच आहे. विमानात सीट कमी आणि माणसं जास्त झाली, तर आपल्याकडच्या नियमानुसार कंपनीनं आधी स्वेच्छेनं मागे राहणारे शोधायचे असतात. अशा वेळी जो आधी ‘हो’ म्हणतो तो स्वस्तात जातो. ९ एप्रिल २०१७ला शिकागोत युनायटेडच्या विमानात कर्मचाऱ्यांसाठी चार सीट हव्या होत्या. चारशे डॉलर, मग आठशे डॉलर सांगून कुणी उठेना, तेव्हा एका डॉक्टरला ओढत बाहेर काढलं गेलं. जगभर छी-थू झाल्यावर त्याच कंपनीनं ही मर्यादा दहा हजार डॉलरवर नेली. म्हणजे पैसे होते, फक्त ते द्यायची तयारी नव्हती. आपल्याकडे जबरदस्तीनं मागे ठेवलं आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर चोवीस तासांच्या आतल्या विमानासाठी मूळ भाडे व इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये, आणि त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल वीस हजार रुपये मिळतात. व्हाउचर घेऊन स्वखुशीनं मागे राहणाऱ्यानं हे आकडे मनात धरूनच सौदा करावा. व्हाउचरची मुदत विचारावी, आणि ते दुसऱ्याच्या नावानं वापरता येईल का, हेही.

कंपनीनं दाद दिली नाही, तर तिच्या संकेतस्थळावर नोडल अधिकारी आणि त्याच्यावरचा अपील अधिकारी यांची नावं असतात. त्यांना लिहा. मग सरकारचं एअरसेवा पोर्टल आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. एवढ्यावर बऱ्याच तक्रारी मिटतात. न मिटलेल्यांचं पुढे काय होतं, ते दोन निकालांवरून कळेल. पुढे तेलंगणाचे पोलीस महासंचालक झालेले एक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी मे २०२३मध्ये सिंगापूर एअरलाइन्सनं हैदराबादहून ऑस्ट्रेलियाला निघाले. बिझनेस क्लासच्या सीट विजेवर मागे होईनात. कंपनी दहा हजार मैल देऊ करत होती, त्यांनी ते नाकारले. तिकीट ६६,७५० रुपयांचं, इकॉनॉमीचं १८,००० रुपयांचं. हैदराबादच्या ग्राहक आयोगानं २०२४मध्ये बरोबर तेवढाच फरक, प्रत्येकी ४८,७५० रुपये, १२ टक्के व्याजासह परत द्यायला लावला आणि वर एक लाखाची भरपाई. वर्ग कागदावर बदललाच नव्हता, तरी आयोगानं मिळालेली सेवा पाहिली. दुसरं प्रकरण २०२५चं. बाकूहून दिल्लीला येताना एका महिलेला इंडिगोनं डागाळलेली, घाण सीट दिल्याची तक्रार होती. ‘दुसरी सीट दिली होती’ हा कंपनीचा बचाव होता, पण घटनेची अंतर्गत नोंद कंपनीनं सादर केली नाही. दिल्लीच्या आयोगानं दीड लाख रुपये भरपाई दिली.

आपल्या नियमांतली खरी उणीव मधल्या प्रकारात आहे. वर्ग घसरला तर टक्केवारी ठरलेली, पण पैसे भरून घेतलेली सीट गेली तर परताव्यासाठी प्रवाशानंच पाठपुरावा करायचा. पाचशे रुपयांसाठी कोण भांडणार, या हिशेबावरच हे चाललं आहे. सीटचं शुल्क न मागता परत यायला हवं, आणि ते डीजीसीएनं ठरवून द्यायला हवं. एअर इंडियात विस्तारा विलीन होणं आणि इंडिगोनं बिझनेस क्लास सुरू करणं, या दोन्ही गोष्टी २०२४च्या नोव्हेंबरात एकाच आठवड्यात झाल्या. वरच्या वर्गाच्या सीट वाढताहेत, तसे हे वादही वाढणार.

या दिवाळीत प्रवास असेल, तर सीटची पावती तिकिटाच्याच फोल्डरमध्ये ठेवा. प्रकरण आयोगात न्यावं लागलंच, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कंपनीच्या गावी जायची गरज नाही. सांगलीचा प्रवासी सांगलीतच तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.