समुद्रावर नेण्याची शिदोरी

आपल्या खानदेशाला समुद्र नाही. मुलताईला उगम पावलेली तापी आपल्या जळगाव-धुळे भागातून वाहत जाते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतेजवळ समुद्राला मिळते. आपल्याला मात्र तेथे जायचे तर रात्रीची गाडी धरावी लागते. जळगावहून सुरत लोहमार्गाने सुमारे ३०० किलोमीटर. म्हणजे संध्याकाळी घरी भरलेला डबा दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूत बसून उघडायचा. मधल्या सोळा-सतरा तासांत त्या डब्यात काय काय घडते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय?

मी सातवीत असताना आमचे आणि शेजाऱ्यांचे कुटुंब असेच समुद्रावर गेले. मे महिना होता. निघताना मोठ्या डब्यात मसालेभात गरम गरम भरला आणि झाकण घट्ट लावले. आजीने मात्र फडक्यात दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी बांधून घेतली. आम्ही मुले तिला हसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्वांनी भात खाल्ला. वासात, चवीत काहीच वावगे वाटले नाही. पण दोन-तीन तासांत धाकटी बहीण आणि शेजारचा मुलगा ओकू लागले. बहीण पांढरीफटक पडली. समुद्र बाजूलाच राहिला आणि संध्याकाळ दवाखान्यात गेली. मोठी माणसे म्हणाली, "खारा वारा बाधला." आजीने भाताला हात लावला नव्हता, ती ठणठणीत होती. वारा तर तिलाही लागला होता! मग हे कसे?

भाताच्या डब्यात काय घडते?

तांदळाबरोबर 'बॅसिलस सेरिअस' नावाच्या जीवाणूचे बीजाणू येऊ शकतात. हे बीजाणू इतके चिवट असतात की, भात शिजताना ते सगळे मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा टापू. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नसुरक्षेच्या पाच सूत्रांत, शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे सांगितले आहे.

आता थोडे गणित करू. परिस्थिती अनुकूल असेल तर जीवाणूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. आठ तासांत २४ वेळा दुप्पट. एका जीवाणूचे किती झाले? १,६७,७७,२१६! त्यांतील काही जाती अन्नात विष सोडतात. ते वासावरून कळत नाही आणि अन्न पुन्हा तापवले तरी नष्ट होत नाही. आमच्या भाताचे असेच झाले असावे, असे आज मला वाटते.

डबा कोमट का राहिला? भाताचा थर जितका जाड, तितका तो सावकाश निवतो. आतली उष्णता बाहेर यायला लागणारा वेळ स्थूलमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३ सेंटिमीटरऐवजी १२ सेंटिमीटरचा थर असेल तर चौपट नव्हे, सोळापट वेळ! शिवाय बंद झाकणाला वाफ लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भातावर पडतात. जंतूंना ऊबही मिळाली आणि पाणीही!

पाणी किती, यापेक्षा मोकळे किती?

जंतूंना जगायला पाणी हवे. पण पदार्थातले सगळेच पाणी त्यांना मिळते असे नाही. मीठ, साखर, गूळ पाण्याला धरून ठेवतात. १९५३ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ स्कॉट यांनी दाखवले की, जंतूंची वाढ एकूण पाण्यावर नव्हे, तर अशा 'मोकळ्या' पाण्यावर अवलंबून असते. हे मोजण्याचे माप म्हणजे जलक्रियता. शुद्ध पाण्याची जलक्रियता १. ती ०.९१ च्या खाली गेली की बहुतेक जीवाणूंची वाढ थांबते, ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा वाढत नाही.

शिजलेल्या भाताची जलक्रियता जवळजवळ १ असते. भाजलेले शेंगदाणे, तिखट आणि मीठ कुटून केलेली चटणी किंवा गूळ-शेंगदाण्याचा लाडू यांत मोकळे पाणी फारच थोडे. दशमी या दोहोंच्या मध्ये येते. पीठ दुधात भिजवल्यामुळे ती मऊ राहते. पण भातापेक्षा ती बरी टिकते याचे कारण वेगळे आहे. ती पातळ असते, तव्यावर तिच्यातले बरेच पाणी उडून जाते आणि ती काही मिनिटांतच निवते. फडक्यातून उरलेली वाफही निघून जाते. अर्थात दशमी म्हणजे काही अमृत नव्हे! पूर्ण निवल्यावरच ती बांधावी आणि एका दिवसात संपवावी. दमट हवेत तिलाही बुरशी येते.

ओले फडके आणि समुद्राची हवा

उन्हाळ्यात आपण पाण्याच्या बाटलीला ओले फडके गुंडाळतो. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. १० ग्रॅम पाणी उडाले आणि सगळी उष्णता बाटलीतूनच घेतली गेली, तर १ लिटर पाणी सुमारे ६ अंशांनी गार होईल. खानदेशच्या कोरड्या हवेत ही युक्ती छान चालते. समुद्रावर मात्र हवेत आधीच भरपूर वाफ असते. फडके सावकाश वाळते आणि बाटली फारशी गार होत नाही. म्हणून घरी जे अन्न 'ओल्या फडक्यात टिकते', ते समुद्रावर टिकेलच असे समजू नका.

तुमच्या घामाचीही तीच गत. घाम येतो पण वाळत नाही. शरीर गार होत नाही आणि पाणी व मीठ मात्र जाते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. लिंबे अखंड न्यावीत आणि तेथेच स्वच्छ पाण्यात साखर-मीठ घालून सरबत करावे.

मग डब्यात काय घ्यावे?

दशमी किंवा कळण्याची भाकरी घ्या. कळण्यात ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते उडदात भरपूर. उडदात जे कमी, ते मेथिओनिन ज्वारी पुरवते. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. गोडाला गूळ-शेंगदाण्याचे लाडू. आणि आपल्या जळगावची केळी! निसर्गानेच त्यांना वेष्टन घालून दिले आहे. काकडी, कांदा अखंड न्या आणि खाण्याच्या वेळीच चिरा. हात धुवायला साबण विसरू नका. हातांवरचे जंतूही अन्नात विष तयार करू शकतात.

भात, बटाट्याची रसदार भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि भरीत लांबच्या प्रवासाला नको. भरीत खावे ते हिवाळ्यात शेतावर, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, तेथल्या तेथे.

करून पाहा

दोन सारखे डबे घ्या. एकात तव्यावरून काढलेली गरम भाकरी ठेवून लगेच झाकण लावा. दुसऱ्यात पूर्ण निवलेली ठेवा. अर्ध्या तासाने झाकणांच्या आतल्या बाजू पाहा. मग डबे तसेच बंद ठेवून रोज एकदा उघडा आणि बुरशी कोणत्या भाकरीवर आधी दिसते ते वहीत तारखेसह लिहा. या भाकरी चाखून मात्र पाहू नका, आणि नंतर हात धुवा.

माझी बहीण दोन दिवसांत बरी झाली. समुद्र तिने पुढे कितीतरी वर्षांनी, स्वतःच्या मुलांबरोबर पाहिला. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने मला दशमीचे प्रमाण विचारले होते. मला ते ठाऊक नव्हते. ते आईला विचारावे लागले.