नव्या भिंतीवरची रेघ

नव्या घराचा पहिला उन्हाळा सरता सरता बेडरूमच्या भिंतीवर, बीमच्या बरोबर खाली, पट्टी लावून ओढावी तशी आडवी रेघ उमटते. आयुष्याची पुंजी ओतलेली असते, काळजात धस्स होतंच. पण रंग काढायला माणूस बोलावण्याआधी ती रेघ नीट बघा. वर काँक्रीट, खाली वीट. उन्हात काँक्रीट विटेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. त्या सांध्यावर जाळी न ठोकताच गिलावा केला असेल तर तो नेमका तिथेच फाटतो. बीम कुठे संपतो हे ती रेघ बाहेरून दाखवते!

सिमेंट 'वाळतं' असं आपण म्हणतो. खरं तर ते पाण्याशी संयोग पावतं, त्यातून सूक्ष्म स्फटिक वाढतात, एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतात. 28 दिवसांनी ताकद मोजतात, पण हे काम त्यानंतरही कित्येक महिने चालू असतं. गवंडी पाणी मारत राहतात ते यासाठीच. तिथे हयगय झाली की गिलाव्यावर केसाएवढ्या चिरांचं जाळं पसरतं. दिसायला वाईट, पण बहुधा वरवरचं.

मला सगळ्यात नवल वाटतं ते सळईचं. दहा मीटरचा बीम दहा अंशांनी तापला तर साधारण एक मिलिमीटर लांबतो, आणि पोटातली पोलादी सळईही जवळपास तेवढीच लांबते. हे दोघं असे जुळले नसते तर आजच्या इमारती उभ्याच राहिल्या नसत्या. ओल मात्र हा संसार मोडते. सळईला गंज चढला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. म्हणून सळईच्या रेषेत जाणारी, तांबूस डाग असलेली चीर दिसली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला एक दिवसही लावू नका.

बाकी चिरांवर लक्ष ठेवायला पेन्सिल पुरते. चिरेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा. महिन्याभरात चीर खुणेच्या पुढे गेली, तर ती अजून वाढते आहे.

बिल्डरच्या 'पुट्टी मारून देतो' एवढ्यावर समाधान मानू नका. पुट्टीनं चीर झाकली जाते, मूळ कारण तसंच राहतं. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्यानं तो 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. तेव्हा चिरेचा फोटो काढा, बिल्डरला लेखी कळवा आणि पत्राची पोच जपून ठेवा.