रोमन लोकांची वजने आणि मापे

सुतार फळी मोजतो ती इंचात. विणायची लोकर पूर्वी मिळे ती औंसावर. एक लांबीचे माप, दुसरे वजनाचे. पण हे दोन्ही शब्द निघाले ‘उन्किया’ ह्या एकाच लॅटिन शब्दातून. उन्किया म्हणजे बारावा भाग. रोमन फुटाचा बारावा भाग तोही उन्किया, आणि ‘लिब्रा’ ह्या वजनाचा बारावा भाग तोही उन्कियाच. हा लिब्रा सुमारे ३२७ ग्रॅमचा, म्हणजे आपले जुने अठ्ठावीस तोळे. पौंडाबद्दल ‘एल्‌. बी.’ अशी खूण करतात ना, ती ह्या लिब्राची.

बाराच का? तर बाराचा निम्मा होतो, तिसरा हिस्सा होतो, चौथाही होतो. दहाचे तीन वाटे करून पाहा! मृत्युपत्रातले हिस्सेसुद्धा रोमन माणूस उन्कियात सांगे. आपण नाही का ‘जमिनीत चार आणे वाटा’ म्हणत? तसेच ते.

शेतकरी बांधवांना जवळचे वाटेल ते जमिनीचे माप. बैलजोडी एका दमात नांगर ओढीत जाईल ते अंतर १२० फूट धरलेले होते. अशी २४० फूट लांब आणि १२० फूट रुंद जमीन म्हणजे एक ‘युगेरुम’. जोडीने एका दिवसात नांगरून व्हावी एवढी ही जमीन, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. आपल्या हिशेबाने ती साधारण पंचवीस गुंठे भरते. ‘युगुम’ म्हणजे बैलाच्या मानेवरचे जू. आणि आपले ‘जू’ संस्कृत ‘युग’ शब्दावरून आलेले. दोन्ही शब्द एकाच कुळातले आहेत.

मैल हाही पायांनीच मोजलेला. डावा पाय टेकला तेथून तोच पाय पुन्हा टेकेपर्यंत एक ‘पास्सुस’, पाच फुटांचा. असे हजार झाले की मैल. लॅटिनमध्ये ‘मिल्ले’ म्हणजे हजार. तो सुमारे १४८० मीटरचा होता. इंग्रजांनी १५९३ साली आपला मैल ५,२८० फुटांचा ठरवला, म्हणून तो लांबला.

धान्याला ‘मोदिउस’ होता. त्यात पावणेनऊ लिटरच्या आसपास, म्हणजे साडेसहा किलो तरी गहू मावे. रोम शहरात नागरिकांना सरकारातून दरमहा पाच मोदिउस धान्य मिळे, इ. स. पूर्व १२३ पासून स्वस्त दराने आणि इ. स. पूर्व ५८ पासून फुकट. मग माप जरा उथळ निघाले तर कोणाच्या पोटाला चिमटा बसणार, हे काय सांगायला हवे?

पायली गावोगाव निराळी असते, हा अनुभव आपल्या वाडवडिलांना होता. इटलीतही तेच होते. पाँपेई गावच्या चौकात दगडाचे एक मेज होते. त्यात लहानमोठे गोल खळगे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी धान्य खाली सोडायला भोक. दुकानदाराने घातलेले धान्य येथे आणून कोणीही पडताळून पाहावे. खळग्यांवर पूर्वी तेथल्या ऑस्कन भाषेत मापांची नावे होती. इ. स. पूर्व २० च्या सुमारास गावच्या दोन अधिकाऱ्यांनी नगरसभेच्या ठरावाने ही मापे रोमच्या मापांशी जुळवून घेतली. जुनी नावे खरवडली गेली, खळगे मोठे केले गेले. अधिकाऱ्यांनी तसा लेखही कोरून ठेवला. बाजारभर एक माप झाले हे चांगलेच. पण ते रोमचे झाले, गावचे राहिले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

मूळ नमुने रोमलाच, कॅपिटोल टेकडीवर असत. एका दांडीवर वजन पुढेमागे सरकवायचे, असे तराजू रोमन बाजारात चालत. पाँपेईत सापडलेल्या अशा एका तराजूवर, तो कॅपिटोलमध्ये तपासून घेतल्याची नोंद आहे. साल ७७. दोनच वर्षांनी, ७९ साली, व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते दगडी मेज आणि तो तराजू दोन्ही गाडले गेले, आणि म्हणूनच आज आपल्याला पाहायला मिळतात.