पहिला मालक आणि डिझेलचा हिशोब

मालमोटारीच्या धंद्यातील उमेदवारीची आपल्याकडची जुनी रीत अशी, की गावाकडचा पोरगा प्रथम क्लीनर म्हणून केबिनमध्ये चढे, टायरांवर हातोडी मारून हवा अजमावी, रात्री उस्तादाचा डोळा लागू नये म्हणून त्याच्याशी बोलत राही, आणि दोन-चार वर्षांनी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद लहरीत आला म्हणजे स्टिअरिंग त्याच्या हाती येई. या विद्येत गुरुभक्ती उदंड होती, अभ्यासक्रम मात्र नव्हता. उस्तादाच्या गुणांबरोबर त्याच्या खोडीही शिष्यात उतरत.

आता कायद्याने वाट आखून दिली आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्यान्वये परिवहन वाहन चालवण्यास वयाची 20 वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि त्याच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान 1 वर्ष जवळ असावा लागतो. आठवी उत्तीर्णतेची अट 2019 साली निघाली. 2021च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांसाठी अवजड वाहनांचा 6 आठवड्यांत 38 तासांचा पाठ्यक्रम ठरवला. भरल्यावर अठरा टनांच्या घरात जाणाऱ्या वाहनासाठी हे तास मला तोकडे वाटतात. खरे शिक्षण पहिल्या नोकरीतच होते, आणि म्हणूनच ती नोकरी निवडताना घाई नको.

पगाराचा आकडा सारेच विचारतात. डिझेलचा हिशोब कसा होतो, हे फारसे कोणी विचारीत नाही. ज्या मालकाच्या दप्तरी खेपेला ठरावीक डिझेल बांधून दिलेले असते, उरले तर चालकाचे आणि अधिक जळले तर पगारातून कापायचे असा जेथे शिरस्ता असतो, तेथे लागलेला तरुण लवकरच उतारावर गाडी न्यूट्रल करायला शिकतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे जाणाऱ्या लांबलचक उतारावर जे अपघात घडत आले, त्यांच्या कारणांत ही सवय पुनःपुन्हा सांगितली गेली आहे. गाडी गिअरमध्ये असली म्हणजे इंजिनच तिला आवरून धरते. न्यूट्रलमध्ये तो सारा भार ब्रेकवर येतो, सततच्या दाबाने ड्रम तापतात आणि तापलेल्या ड्रमवरची लायनरची पकड सुटते. त्यातच कोणी इंजिन बंद केले, तर हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतील हवा प्रत्येक ब्रेकसरशी घटत जाते व पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्यांचा दंडक. पण ज्याचा पगार लिटरावर कापला जातो त्याला तो पाळणे परवडत नाही, आणि म्हणून अशा अपघातात चालकाइतकीच मालकाची ती हिशोबाची वहीही मला गुन्हेगार वाटते.

तासांचेही तेच. 1961च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 व आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती. पण लवकर पोहोचणाऱ्यास इनाम देणारा मालक त्या मर्यादेची बोळवण एका वाक्यात करतो. पहिले काही महिने जोडीला जाणता चालक मिळेल काय, गाडी दुरुस्तीला उभी असता भत्ता चालू राहील काय, आणि जादा माल भरल्याचा दंड कोणाच्या माथी बसेल, हे आधीच विचारून घ्यावे. कायद्यात तो दंड 20,000 रुपये, शिवाय मर्यादेवरील प्रत्येक टनास 2,000 रुपये असा आहे. या प्रश्नांची उत्तरे मालकाच्या कचेरीपेक्षा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात किंवा कळंबोलीला त्याच्याच गाड्यांवरील चालकांबरोबर चहा घेताना अधिक खरी मिळतात.

मोठी उचल देऊ करणाऱ्यापासून विशेष जपावे, कारण ती फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही. आणि नियुक्तिपत्र हाती पडले तरी कारकुनाला परवान्याची छायाप्रतच द्यावी. मूळ परवाना कोणाच्याही कपाटात ठेवू नये.