फिरत्या घरावरील सौर पॅनेल : लेबलवरील आकडे आणि तारजोडणी

सूचक शब्द : सौर पॅनेल, निवासयोग्य वाहन, विभवांतर, एकसर व समांतर जोडणी, चार्ज कंट्रोलर, फ्यूज

प्रस्तावना :

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे वाळवंटी गाव आहे. हिवाळा सुरू झाला की उत्तरेकडील थंड राज्यांतून आणि कॅनडातून हजारो फिरती घरे, म्हणजेच तेथे 'आरव्ही' या नावाने ओळखली जाणारी निवासयोग्य वाहने, या गावाभोवतीच्या मोकळ्या सरकारी जमिनीवर मुक्कामास येतात. दीर्घ मुक्कामाचा हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा असतो. मुक्कामाच्या जागी विजेची जोडणी नसते. दिवे, पाण्याचा पंप आणि रात्री हीटरचा पंखा हे सर्व छतावरील सौर पॅनेल व १२ व्होल्टची बॅटरी यांवर चालते. छतावर ४०० वॅटची पॅनेले असूनही पहाटे बॅटरी रिकामी कशी होते, असा प्रश्न तेथे अनेकांना पडतो. त्याचे उत्तर बहुधा पॅनेलमागील लेबलातच सापडते. वॅटचा आकडा सर्वजण वाचतात. तारजोडणी ज्यांवर ठरते ते उरलेले चार आकडे मात्र दुर्लक्षित राहतात. प्रस्तुत लेखात त्या आकड्यांचा विचार केला आहे.

वॅटचा आकडा कोणत्या परिस्थितीतील?

लेबलवरील १०० वॅट हे प्रयोगशाळेतील प्रमाणित परिस्थितीत मोजलेले असतात. त्या वेळी दर चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश पडत असतो आणि सौर घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असते. येथे तापमान हवेचे नसून घटाचे आहे, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. उन्हात तापलेल्या छतावर हा घट सहज ६५ अंशांपर्यंत जातो. स्फटिकी सिलिकॉनच्या पॅनेलची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.४ टक्का घटते. म्हणजे ४० अंशांच्या वाढीस १६ टक्के घट होते. पॅनेल छताला चिकटवून बसविल्यास खालून वारा खेळत नाही आणि ही घट आणखी वाढते. (महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून हा विषय येथेही अगदीच परका राहिलेला नाही. विदर्भाच्या मे महिन्यात नेमका हाच हिशेब महत्त्वाचा ठरेल.)

हिवाळ्यात अडचण निराळी असते. क्वार्ट्झसाइट सुमारे ३३.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २१ डिसेंबरच्या मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ३३ अंशच वर येतो. सपाट ठेवलेल्या पॅनेलला थेट किरणांचा जेमतेम ५४ टक्के लाभ होतो. दिवसभरात पूर्ण तेजाचे तीन तास धरले आणि एकूण नुकसान २५ टक्के मानले, तर ४०० वॅटच्या पॅनेलांपासून सुमारे ९०० वॅट-तास मिळतात. १२ व्होल्टच्या हिशेबाने ७५ अँपिअर-तास. हीटरचा पंखा ७ अँपिअर घेत असेल आणि थंडीच्या रात्री एकूण सहा तास चालत असेल, तर ४२ अँपिअर-तास तेथेच खर्च होतात.

उरलेले चार आकडे :

उदाहरणादाखल १०० वॅटचे एक पॅनेल घेऊ. त्याच्या लेबलवर कमाल शक्तीच्या वेळचे विभवांतर १८ व्होल्ट, त्या वेळची धारा ५.५६ अँपिअर, काहीही न जोडता मोजलेले विभवांतर २२.५ व्होल्ट आणि दोन्ही टोके एकमेकांस जोडली असता वाहणारी धारा ६ अँपिअर असे आकडे आहेत. पहिल्या दोहोंचा गुणाकार म्हणजेच १०० वॅट.

१२ व्होल्टच्या बॅटरीला १८ व्होल्टचे पॅनेल कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरण्यास सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. घट तापला की हे १८ व्होल्ट १५ च्या आसपास येतात. जवळजवळ अर्ध्या व्होल्टचे ३६ घट एकसर जोडण्याची प्रथा या गरजेतून आली आहे.

साधा, म्हणजे पीडब्ल्यूएम प्रकारचा, चार्ज कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्याच विभवांतरावर आणून ठेवतो. बॅटरी १३ व्होल्टवर असल्यास १०० वॅटच्या पॅनेलपासून ५.५६ गुणिले १३, म्हणजे सुमारे ७२ वॅटच मिळतात. घरगुती वापराचे ३२ व्होल्टचे ३०० वॅट पॅनेल स्वस्त म्हणून घेऊन या कंट्रोलरला जोडले, तर हाती जेमतेम १२० वॅट लागतात. एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर जादा विभवांतराचे रूपांतर धारेत करतो, म्हणून त्याची किंमत अधिक असते.

एकसर की समांतर?

चार पॅनेले समांतर जोडल्यास १८ व्होल्ट व २२.२ अँपिअर मिळतात. एकसर जोडल्यास ७२ व्होल्ट व ५.५६ अँपिअर. शक्ती तीच, परंतु तारेतील नुकसान धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छतापासून कंट्रोलरपर्यंत ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची तार असल्यास तिचा रोध ०.०३५ ओहम होतो. समांतर जोडणीत त्यात १७ वॅट वाया जातात, एकसर जोडणीत केवळ एक. तारेचे काटछेद क्षेत्रफळ २.५ चौरस मिलिमीटर असेल, तर समांतर जोडणीत १.८७ व्होल्ट तारेतच खर्च होतात. दुपारच्या उन्हात पॅनेलपाशी १५ व्होल्ट असतील, तर कंट्रोलरपर्यंत १३.१ पोहोचतात. अशी बॅटरी दिवसभर भरत असल्याचे दिसते, पण पूर्ण भरत नाही आणि महिन्यागणिक निकामी होत जाते.

मग सर्व पॅनेले एकसरच का जोडू नयेत? याला पहिले कारण सावली. वातानुकूलन यंत्राची सावली एका पॅनेलवर पडली की एकसर साखळीची धारा अडते; बायपास डायोड वाट करून देतात, तरी त्या पॅनेलचे विभवांतर बुडते. दुसरे कारण थंडी, आणि तेच अधिक महागात पडते. घट थंड होताना खुले विभवांतर दर अंशामागे सुमारे ०.३ टक्का वाढते. चार पॅनेलांचे लेबलप्रमाणे ९० व्होल्ट होतात. १०० व्होल्ट मर्यादेच्या कंट्रोलरला ते सुरक्षित वाटतात. परंतु उत्तरेकडील प्रवासात उणे १५ अंशांच्या पहाटे हीच बेरीज १००.८ व्होल्टवर जाते. पहिल्या कोवळ्या उन्हात, घट तापण्यापूर्वीच, कंट्रोलर जळू शकतो. दोन-दोन पॅनेले एकसर आणि त्या दोन जोड्या समांतर ही रचना छतासाठी बहुधा उत्तम ठरते : ३६ व्होल्ट, ११.१ अँपिअर, तारेतील नुकसान चार-साडेचार वॅट, आणि थंडीतही खुले विभवांतर ५०.४ व्होल्टच.

फ्यूज :

लेबलवर 'कमाल फ्यूज' असाही एक आकडा असतो; तो १५ अँपिअर मानू. चार पॅनेले समांतर असताना एकात दोष उद्भवला, तर उरलेल्या तिघांची १८ अँपिअर धारा त्याच्यात उलट शिरते. म्हणून अशा जोडणीत प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र फ्यूज हवा. दोनच जोड्या समांतर असतील, तर उलट येणारी धारा ६ अँपिअर असते व त्याची गरज पडत नाही.

खरा धोका बॅटरीच्या बाजूस आहे. पॅनेलची धारा ६ अँपिअरपुढे जात नाही, परंतु बॅटरीची टोके चुकून जोडली गेली तर शेकडो, प्रसंगी हजारो अँपिअर वाहतात आणि तारेचे आवरण क्षणात पेट घेते. लाकूड-फोमच्या भिंतींच्या वाहनात यानंतर फारसा अवधी मिळत नाही. तेव्हा कंट्रोलरकडे जाणाऱ्या तारेतील फ्यूज बॅटरीच्या धन टोकाच्या शक्य तितका निकट असावा. ४०० वॅटसाठी ही धारा २८ अँपिअरपर्यंत जाते. ४० अँपिअरचा फ्यूज आणि त्याहून अधिक धारा सुरक्षितपणे वाहणारी जाड, आखूड तार योग्य ठरते. फ्यूज व स्विच एकदिश धारेसाठीच बनविलेले हवेत. प्रत्यावर्ती धारा सेकंदाला अनेकदा शून्यावर येत असल्याने तिची ठिणगी विझते, एकदिश धारेची ठिणगी मात्र तेवत राहते. याच कारणास्तव उन्हात धारा वाहत असताना पॅनेलचे कनेक्टर ओढून काढू नयेत. जोडताना कंट्रोलरला प्रथम बॅटरी आणि नंतर पॅनेल जोडावे. सोडविताना प्रथम पॅनेल काढावे. पॅनेलवर जाड कापड झाकून हे काम केल्यास उत्तम.