काळ्या गाळातही कोळसा असतो!

शेतकरी बंधूंनो, चंद्रपूर, राजुरा, वणी भागात ज्यांचं शेत कोळसा धुण्याच्या वॉशरीजवळ आहे, त्यांना काळ्या गाळाची ओळख करून द्यायला नको. पाऊस जोराचा झाला, गाळाचं तळं ओसंडलं, की तो नाल्यात आणि नाल्यातून शिवारात शिरतो. पण या गाळात नुसती माती नसते, बारीक कोळसाही असतो. तो वेगळा काढता येतो.

घरी तांदूळ धुताना कोंडा वर येतो, खडे तळाशी बसतात. वॉशरीचं तत्त्वही हेच. एक लिटर मापाचा चांगला कोळसा साधारण १.३ किलो भरतो, तेवढाच दगड सुमारे २.५ किलो. पाण्यात बुडवलं की दोघांचंही एकेक किलो कमी होतं. उरतं काय? कोळसा ३०० ग्रॅम, दगड दीड किलो. कोरड्यातला दुपटीचा फरक पाण्यात पाचपट झाला!

मोठे तुकडे असे सहज वेगळे होतात. अडचण भुकटीची; बारीक कण लवकर तळाशी बसत नाही. त्यासाठी मळसूत्रासारखी पन्हळ वापरतात, तिला स्पायरल म्हणतात. गाळपाणी वरून सोडलं की गोल फिरत उतरताना हलका कोळसा बाहेरच्या काठाला जातो, जड दगडमाती आतल्या खांबाजवळ राहते. खाली दोन्ही धारा वेगळ्या घेतात. रव्यासारख्या कणांना हे चालतं. मैद्यासारख्या पिठाला तेल आणि फेसाची निराळी पद्धत लागते.

म्हणजे सगळा गाळ संपतो असं नाही. पण कोळसा निघाला की तळं सावकाश भरतं. बांधावरचा भार हा खेळ नव्हे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील बफेलो क्रीक इथं २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या कचऱ्याचा बांध फुटला आणि १२५ माणसं गेली.

तेव्हा सरपंच मंडळी, पावसाळ्याआधीच वॉशरीला विचारा: बांध कोण तपासतं? धुतलेलं पाणी पुन्हा वापरता का? बारीक कोळसा काढायची सोय आहे का? १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली सांडपाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तिच्यातल्या अटी ग्रामसभेत वाचून दाखवा. गाळ शेतात आलाच, तर नांगर घालण्याआधी पंचनामा करून घ्या.

आणि एक. तळ्यावरचा वाळलेला पापुद्रा टणक दिसतो, पण खाली दलदल असते. गुरं आणि पोरं तिकडं फिरकू देऊ नका.